देवगडकडच्या खाडीतलं कुर्ली फार्म, १९ पोरांना घेऊन गेलो त्याचा रिव्ह्यू

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शनिवारी बारावीच्या १९ पोरापोरींना घेऊन देवगडच्या बाजूला एका खाडीकाठच्या कुर्ली फार्मवर (कुर्ली म्हणजे खाडीतला चिखली खेकडा) गेलो होतो, आल्यापासून चार जणांनी विचारलं कसं होतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. फार्मचं नाव इथे टाकत नाही, फार्म चालवणाऱ्या काका-काकींनीच तसं सांगितलंय, दोघंच माणसं आहेत आणि एका वेळी २० च्या वर लोक त्यांना झेपत नाहीत, ज्यांना खरंच जायचंय त्यांनी मेसेज करा, नंबर देतो. माणशी ४५० रुपये घेतात, त्यात साडेचार तास फिरवून दाखवणं, चहा आणि दुपारचं जेवण. मी बारा वर्षं बायॉलॉजी शिकवतोय आणि संप्रेरकांचा धडा म्हटला की फळ्यावर बाण काढायचे, पोरांनी ते पाठ करायचे, एवढंच चालत आलंय. इथे पहिल्यांदा पोरांना ते बाण पाण्यात हलताना दिसले.

सगळ्यात आधी बादल्यांचा प्रयोग सांगतो कारण पैसे तिथेच वसूल झाले. शेडमध्ये चार टाक्या आहेत, प्रत्येकीत एकेक नर, हाताच्या पंजाएवढे, डेंगे (नांग्या) बघूनच पोरं मागे सरली. काकांनी दोन बादल्या आणल्या, एकीत साधं खाडीचं पाणी आणि दुसरीत आदल्या रात्रभर एक मादी ठेवली होती ते पाणी. मादी पण कुठलीही नाही, कात टाकायला, म्हणजे जुनं कवच उतरवायला आलेली. ती कशी ओळखायची ते पण दाखवलं, शेवटचा पाय वल्ह्यासारखा चपटा असतो ना, त्याच्या कडेला उजेडात धरलं की आत दुसरी रेघ दिसते, ती आतल्या नव्या कवचाची. काकांनी आधी साध्या पाण्याचा एक मग नराच्या टाकीत हळूच ओतला, काही नाही, ढिम्म बसून. मग दुसऱ्या बादलीतला मग. "ह्या पाणी कालचा, बायल कुर्ली रातभर ह्याच्यात होती, आता बघा."

आणि खरं सांगतो, पहिल्या टाकीतल्या नराने काहीच केलं नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली. काका म्हणाले ह्यो स्वतःच आता कात टाकतलो, ह्याका काय पडलेली नाय, आणि पुढच्या टाकीकडे गेले. दुसऱ्या नराचं मात्र बघण्यासारखं होतं. डोळ्यांच्या मधोमध दोन बारीक मिशा असतात, लांबवाल्या नाही, त्याच्या आतल्या छोट्या, त्या आधी मधूनच एखादा झटका देत होत्या, मग ओतल्यावर अर्ध्या मिनिटात त्या टकटकटक अशा झटकायला लागल्या की मोबाईलच्या स्लो मोशनमध्येच नीट दिसलं. तो झटका म्हणजे त्याचं हुंगणं. त्या मिशांच्या टोकाला वास ओळखणाऱ्या केसांचा झुबका असतो, झटक्यासरशी जुनं पाणी निघून जातं आणि नवीन पाणी केसांमध्ये शिरतं. मग तो पायांच्या टोकांवर उभा राहिला, डेंगे दोन्ही बाजूंना पसरले आणि टाकीभर शोधत फिरला, तिथे मादी नव्हतीच, नुसतं पाणी होतं. एका पोरीने विचारलं, पाण्यात नक्की काय असतं? लघवी. खेकड्याची लघवी तोंडाच्या बाजूने, मोठ्या मिशांच्या बुडाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडते, म्हणजे मादी समोरच्याच्या तोंडावर निरोप सोडते. वर्ग पाच मिनिटं हसत होता पण नंतर ते कोणी विसरणार नाही.

मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं त्याचं कारण वेगळं आहे. हाच प्रयोग १९६६ साली हवाईमध्ये रायन नावाच्या संशोधकाने केला आणि 'सायन्स' मासिकात छापला, कात टाकायला आलेल्या मादीचं पाणी नरांच्या टाकीत सोडलं तर नर प्रणयाला उभे राहतात, आणि मादीची लघवीची भोकं बंद केली की त्या पाण्याला नर विचारत नाहीत. झिंगे-खेकड्यांच्या कुळात कामगंध असतो याचा तो सुरुवातीचा पक्का पुरावा. आणि खेकडा कुठला, तर पाठीवर तीन लाल ठिपके असलेला समुद्रातला, जो आपल्या देवगड-मालवणच्या लिलावात टोपलीने येतो. पोरांनी सकाळीच बंदरावर तो बघितला होता. मी सांगितलं तेव्हा एकाने फोटो काढून दाखवला, सर हाच ना? हाच.

आता एक तक्रार, पण ती मी तिथेच काकांना सांगून आलोय. शेडच्या दाराशी बोर्ड लावलाय त्यावर "मादी पाण्यात हार्मोन सोडते" असं लिहिलंय. हार्मोन म्हणजे संप्रेरक, ते शरीराच्या आत राहतं, रक्तातून एका अवयवाकडून दुसऱ्याकडे जातं. बाहेर पाण्यात सोडून दुसऱ्या प्राण्याला कळवलं जातं ते फेरोमोन, कामगंध. दोन्हींचा संबंध आहे, मादीच्या आत कात टाकण्याचं संप्रेरक वाढतं त्याच दिवसांत बाहेर कामगंध जातो, पण रसायन तेच असेल असं नाही. युरोपातल्या किनारी खेकड्यावर इंग्लंडमध्ये हल विद्यापीठात बरंच काम झालंय, तिथे वर्षानुवर्षं लोकांना वाटायचं की कातीचं संप्रेरकच लघवीतून बाहेर पडून नराला बोलावत असणार, पण निघालं वेगळंच, युरिडिन डायफॉस्फेट, म्हणजे नवं कवच बांधताना जे कायटिन बनतं त्या कामातून उरणारा पदार्थ. नर ओळखतो तो मादीच्या अंगात चाललेल्या बांधकामाचा वास. हे मला स्वतःला फार आवडतं, कारण ह्या निरोपात फसवाफसवीला जागा नाही, कवच बनत असेल तरच वास येणार. काका बोर्ड बदलतो म्हणाले आणि त्यांनीच पोरांना उदाहरण दिलं, आंब्याच्या बागेत फळमाशीचे सापळे लावता ना, नर माश्या वासाने येऊन पडतात, तसंच. देवगडच्या पोरांना ह्याच्यापुढे काही सांगायची गरज नव्हती.

मग बांधावरून आत, कांदळवनाच्या कडेला जाळी लावलेले कप्पे आहेत तिकडे. काकींनी एका कप्प्याकडे हात केला आणि सगळ्यांना गप्प केलं. चिखलाच्या कोपऱ्यात एक मोठा नर बसला होता आणि त्याच्या पोटाखाली, पायांच्या पिंजऱ्यात, एक लहान मादी. "तिका त्रास दिव नको, ती कात टाकतली. तीन दिस झाले, तो तिका सोडणा नाय." ह्या खाडीच्या कुर्लीत मीलन मादी कात टाकल्यावर, ती मऊ असतानाच होतं, कडक कवचात ते जमत नाही. आणि मऊ कुर्ली म्हणजे खाडीतल्या प्रत्येकाचं खाणं, दुसऱ्या कुर्ल्यांचं सुद्धा. म्हणून नर आधी काही दिवस तिला पोटाखाली घेऊन फिरतो, ती कात टाकते तेव्हा तिथेच थांबतो, मीलन कित्येक तास चालतं आणि कवच कडक होईपर्यंत परत तिला धरून ठेवतो. एरवी हाच नर मऊ कुर्ली दिसली तर फाडून खाईल. बहुधा तो वासच त्याची भूक बाजूला ठेवतो. काकी हे सगळं आपल्या भाषेत सांगत होत्या आणि मी नुसता ऐकत होतो.

मीलनानंतर नराचं बीज मादीच्या आत पिशवीत साठून राहतं, कित्येक महिने, आणि त्यावर ती एकापेक्षा जास्त वेळा अंडी घालू शकते, नर परत भेटला नाही तरी. हे ऐकून एका पोराने विचारलं की मग अंडी कधी घालायची ते कोण ठरवतं, आणि तिथून काकांची गोष्ट सुरू झाली, जी मला ह्या सगळ्या ट्रिपमध्ये सगळ्यात महत्त्वाची वाटली.

काका आधी सात वर्षं दुसऱ्या राज्यात एका कोळंबी हॅचरीत, म्हणजे अंड्यांपासून पिल्लं तयार करतात तिथे, होते. तिथे टायगर कोळंबीच्या माद्या लवकर पिकाव्यात म्हणून एक डोळा देठापासून चिमट्याने दाबून काढायचे, रोज, ओळीने. काका म्हणाले हाताला सवय झाली पण डोळ्याला कधी झाली नाही. का काढतात तर खेकडा, कोळंबी, शेवंड ह्या सगळ्यांच्या डोळ्याच्या देठात बघण्याशिवाय दुसरं मोठं काम चालतं. तिथे एक छोटी ग्रंथी असते आणि ती रक्तात बरीच संप्रेरकं सोडते, त्यातली बरीचशी "थांब" सांगणारी. एक कात टाकायला थांबवतं, एक अंडाशय पिकायला थांबवतं, एक जबड्याजवळच्या ग्रंथीला थांबवतं. त्या जबड्याजवळच्या ग्रंथीत मिथाइल फार्नेसोएट बनतं, किड्यांच्या बाल्य-संप्रेरकाचं सख्खं भावंड, १९८७ मध्ये कोळी-खेकड्यात सापडलं, आणि ते प्रजननाला चालना देतं. देठ कापला की सगळे ब्रेक एकदम सुटतात. १९०५ मध्येच झेलेनी नावाच्या संशोधकाने बघितलं होतं की फिडलर खेकड्याचे डोळे काढले तर तो लवकर लवकर कात टाकतो, आणि १९४३ मध्ये पानूझने फ्रान्समध्ये कोळंबीत दाखवलं की अंडाशय वेळेआधी भरतं. हॅचरीवाल्यांनी मग तेच उचललं. पण त्याच देठात रक्तातली साखर सांभाळणारं संप्रेरक पण असतं, तेही अर्धं जातं, मादी पिकते खरी पण खंगते, आणि पुढची पुढची अंडी कमजोर पडत जातात. "अंडी लवकर गावतत, पन ती बायल ऱ्हवणा नाय," काका म्हणाले.

इथे डोळा कोणाचाच कापत नाहीत. मादीला वाळूचा तळ, स्वच्छ खारं पाणी, अंधार आणि रोज शिंपल्या आणि कापलेली मासळी, एवढं द्यायचं आणि थांबायचं. हॅचरीपण नाही त्यांची, पिल्लं तामिळनाडूतून येतात, तिथे राजीव गांधी सेंटर फॉर अॅक्वाकल्चरने चिखली खेकड्याची हॅचरी उभी केलीय, सिंधुदुर्गातल्या बऱ्याच जणांनी तिथलीच पिल्लं आणलीत.

मादीच्या आतली लाख, म्हणजे भरलेलं अंडाशय, बघायचं पण शिकवलं. काकींनी एक मादी दोरीने बांधलेलीच उलटी धरली, पोटाची झडप, आपण जिला पदर म्हणू शकतो एवढी रुंद, गोल, काळपट आणि कडेला केसांची झालर. शेजारी नर ठेवला, त्याची झडप अरुंद, उलट्या त्रिकोणासारखी. आणि मध्ये तिसरी, कोवळी मादी, तिची पण तिकोनीच पण जरा पसरट आणि फिकी, ती शेवटची बाल्यातली कात टाकली की एकदम गोल झडप घेऊन बाहेर येते. मग मोठ्या मादीची झडप पाठीला जिथे जोडते तिथे अंगठ्याने जरा दाबून दाखवलं, पातळ पापुद्र्यातून आत केशरी रंग. ती लाख. कच्चं असताना पांढुरकं, मग पिवळं, मग केशरी, मग लालसर. मी पोरांना इथे एक गोष्ट जोडून सांगितली, ही झडप, ती झालर, बीज घेण्याची भोकं, हे सगळं मादीचं मादीपण आपोआप होतं असं बरीच वर्षं मानायचे, कारण नराला नर करणारी ग्रंथी १९५४ मध्येच सापडली होती, फ्रान्सच्या शार्निओ-कॉटन बाईंनी एका छोट्या किनारी उड्या मारणाऱ्या कवचधारीत शोधली. मादीचं असं संप्रेरक मात्र २०१४ मध्ये समोर आलं, अमेरिकेत बाल्टिमोरला निळ्या खेकड्यात, आणि ते सुद्धा डोळ्याच्या देठातच. ते दाबलं तर मादीची पिल्लं सांभाळायची सगळी रचना बिघडते. म्हणजे डोळा कापणारे नुसते ब्रेक काढत नव्हते, हे पण काढत होते. काका हे पहिल्यांदाच ऐकत होते, बराच वेळ बोलले नाहीत.

बंदरावरून एका पोराने पिशवीत एक ठिपकेवाला खेकडा आणला होता, पोटाखाली पिवळी मऊ पिशवी, तो म्हणाला सर अंडी आहेत. अंडी दाणेदार असतात, ही गुळगुळीत होती. सॅक्युलिना, खेकड्यावर जगणारा परजीवी. मुळांसारखा आत पसरतो, खेकड्याचं प्रजनन बंद पाडतो, नराच्या झडपेला मादीसारखी रुंद करतो आणि खेकडा त्या पिशवीला स्वतःची अंडी समजून जपतो, साफ करतो. दुसऱ्याच्या संप्रेरकांवर कब्जा करून घर चालवणं ह्याच्यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार, आणि ते फुकट बंदरावर मिळालं.

आता दुकानाबद्दल, कारण बरेच जण त्याचसाठी विचारतात. फार्मच्या तोंडाशी छोटं काउंटर आहे, मोठे नर १२०० रुपये किलोने घेतले मी, आकारावर भाव बदलतो. मागच्या वर्षी शहरातल्या एका बाजारात मी दोन किलो घेतले होते, घरी फोडले तर अर्ध्यांच्या आत नुसतं पाणी, विक्रेत्याने ऐकूनही घेतलं नाही. इथे प्रत्येक कुर्ली तुमच्यासमोर उलटी करून छातीच्या कवचावर अंगठा दाबून दाखवतात, दबली तर बाजूला. दबते ती नुकती कात टाकलेली, नवं कवच ताणून मोठं करायला तिने अंगात पाणी भरून घेतलेलं असतं आणि मांस अजून यायचंय. तीच तीन-चार आठवडे कप्प्यात ठेवून खायला घातली की भरते, त्यांचा निम्मा धंदा तोच आहे. आणि झडपेखाली बाहेर अंडी असलेली मादी ते विकतच नाहीत, कितीही पैसे द्या. माझ्यासमोर एक गाडीवाले गृहस्थ हटून बसले होते, काकी शांतपणे म्हणाल्या, "भायली अंडी असलेली आमी इकणव नाय, ती दर्यात जातली." होडीने खाडीच्या मुखाशी नेऊन सोडतात. एका मादीच्या झडपेखाली लाखांनी अंडी असतात आणि पिल्लांना समुद्राइतकं खारं पाणी लागतं, म्हणून ती स्वतःच बाहेर जायला निघालेली असते, आधी केशरी असलेली अंडी आत डोळे तयार झाले की काळी पडतात. काकींनी प्रशिक्षणात अंडी फुटताना बघितलंय, पहाटे मादी पायांच्या टोकांवर उभी राहते आणि झडप पंख्यासारखी जोरजोरात हलवते. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या बोफर्टच्या लॅबने एका छोट्या खाडीच्या खेकड्यात शोधलंय की फुटणाऱ्या अंड्यांतूनच प्रथिनांचे बारीक तुकडे पाण्यात सुटतात आणि ते कळलं की आई झडप हलवायला लागते. पिल्लं आईला सांगतात, आता. हे सांगताना दोन पोरी वहीत लिहायचं थांबल्या होत्या.

जेवण चांगलं, कुर्ल्यांचा रस्सा, वडे, भात, सोलकढी, शाकाहारी पोरांना काळ्या वाटाण्याची उसळ. रस्स्यात फक्त नर असतात, हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत पण मी विचारलं.

गैरसोयी पण लिहितो. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता मोठ्या बसला जमत नाही, आम्ही चालत गेलो. टॉयलेट एकच, १९ पोरांना पुरत नाही. नेटवर्क नाही, त्यामुळे यूपीआय चालत नाही, रोख न्या. दुपारी बांधावर सावली अजिबात नाही, टोपी आणि पाणी हवं. आणि भरतीची वेळ बघून तारीख ठरवा, आम्ही ओहोटीला होतो म्हणून कप्प्यातलं दिसलं, भरतीत नुसतं गढूळ पाणी दिसेल. बादलीचा प्रयोग रोज होत नाही, कात टाकायला आलेली मादी हाताशी असेल तरच, त्यामुळे फोन करताना हेच आधी विचारा आणि त्यांनी पुढच्या आठवड्यात या म्हटलं तर पुढच्या आठवड्यातच जा.

पाचपैकी साडेचार देतोय, अर्धा त्या बोर्डासाठी आणि टॉयलेटसाठी ठेवलाय. मंगळवारी रात्री काकी देवगडला आल्या असताना त्यांनी फोटो पाठवला, कोपऱ्यात डोळ्यांच्या देठांसकट, मिशांसकट निघालेली अख्खी रिकामी कात आणि शेजारी तोच नर, पोटाखाली आता मोठी झालेली, फिकी, मऊ मादी. खाली लिहिलं होतं, "काल रात्री टाकल्यान. नरान तिका अजून सोडूक नाय." वर्गाच्या ग्रुपवर टाकला, अकरा वाजता सुद्धा सतरा जण जागे होते.